हरवलेली पोथी आणि दुसऱ्या गावची प्रत

मराठी साहित्याच्या इतिहासाचा अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठाचा असो, त्याच्या पहिल्या काही पानांत लीळाचरित्र येतेच. म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, रिद्धपुरात त्यांना ग्रंथरूप दिले आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला, एवढे विद्यार्थी परीक्षेपुरते लिहितो. यापुढचा भाग बहुधा तळटीपेत राहतो. म्हाइंभटाची ती पोथी पुढे नाहीशी झाली. आज आपण जे लीळाचरित्र वाचतो ते महानुभाव पंथाच्या परंपरेप्रमाणे, त्या नाशानंतर माणसांच्या स्मरणातून पुन्हा उभे केलेले आहे. संगणकाच्या भाषेत बोलायचे तर आपल्या गद्याचा हा आरंभग्रंथ म्हणजे बॅकअपवरून परत मिळवलेली प्रत आहे.

ही भाषा आम्ही गंमत म्हणून वापरत नाही. अलीकडे महाविद्यालयांचे मराठी विभाग, ग्रंथालये आणि अभ्यासकांचे लहान गट आपली सामग्री सामाईक सर्व्हरवर ठेवू लागले आहेत. पोथ्यांचे स्कॅन, जुन्या नियतकालिकांचे अंक, प्रबंध, वऱ्हाडी बोलीतील ओव्या आणि कहाण्यांचे ध्वनिमुद्रण असे पुष्कळ काही त्यात असते. हा सर्व्हर एकाएकी गेला तर काय, हा प्रश्न सहसा तंत्रज्ञाकडे सोपवला जातो. आमच्या मते तो प्रथम साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. संकटाच्या वेळी ग्रंथ कसा वाचतो आणि वाचलेला ग्रंथ किती विश्वसनीय असतो, याचा विचार आपले पाठचिकित्साशास्त्र फार पूर्वीपासून करीत आले आहे. आणि त्याचे एक ठळक उदाहरण अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात, रिद्धपुरात आहे.

लीळाचरित्राच्या रचनेची हकीकत परिचित आहे. चक्रधरांनी उत्तरापंथे प्रयाण केल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमले. नागदेवाचार्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. या आठवणी एकत्र लिहून ठेवाव्यात असे सराळ्याच्या म्हाइंभटाला वाटले. त्याने नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या आणि ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या वा ऐकल्या होत्या अशा माणसांना विचारून त्यांचा पडताळा घेतला. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात हे काम झाले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत शेकडो लीळा मांडल्या गेल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वी ही सामग्री अनेक माणसांत विखुरलेली होती. ग्रंथ झाल्यावर ती एका जागी आली. अभ्यासकाच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात एक नवा धोकाही होता. जे दहा जणांजवळ थोडेथोडे आहे ते एका दिवसात नष्ट होत नाही. जे एका पोथीत पूर्ण आहे ते होऊ शकते. संग्रह जितका परिपूर्ण, तितका त्याचा नाश अधिक मोठा. आजच्या सामाईक सर्व्हरची गोष्ट याहून वेगळी नाही.

तो काळही तसाच होता. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, वाटेने. पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या, यादवांची सत्ता संपली आणि वऱ्हाडापासून गोदातीरापर्यंतचा प्रदेश अस्थिर झाला. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या या धामधुमीत, पंथाच्या परंपरेत ज्या प्रसंगाला 'खालशाची धाड' म्हणतात त्यात, पंथाच्या पोथ्या गेल्या आणि त्यांत लीळाचरित्राची मूळ पोथीही गेली. अनुयायी पांगले. नागदेवाचार्य तोवर हयात नव्हते. ज्यांच्या तोंडून ग्रंथ आला ते नाहीत आणि ज्यात तो उतरवला ती पोथीही नाही, अशी अवस्था पंथावर आली.

अशा वेळी ग्रंथ परत कोठून मिळाला? परंपरा एका बाईचे नाव घेते: हिराइसा. तिला लीळाचरित्र मुखोद्गत होते असे सांगतात. तिच्या स्मरणावरून जो पाठ सिद्ध झाला तो हिराइसापाठ. परशरामबासांच्या नावाशी जोडलेला दुसरा पाठ पिढीपाठ म्हणून ओळखला जातो. रामेश्वरबासांचेही नाव या कामात येते. म्हणजे पुनर्रचना एकाच माणसाने, एकाच बैठकीत केली नाही. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणले आणि त्यातून ग्रंथ पुन्हा जुळवला गेला.

हिराइसेच्या स्मरणशक्तीचे कौतुक करून थांबणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. तिचे स्मरण उपयोगी पडले याचे कारण पंथाच्या आचारात आहे. महानुभावांच्या साधनेत स्वामींच्या लीळांचे स्मरण हा नित्याचा धर्म आहे. लीळा ग्रंथात बंद करून ठेवायच्या नसतात. त्या रोज आठवायच्या असतात. त्यामुळे स्मरणातील प्रत अडगळीत पडली नव्हती. ती रोज उघडली जात होती, रोज तपासली जात होती, आणि कोठे चुकले तर सोबतचा साधक ते दाखवून देत होता. बॅकअपच्या व्यवहारात आज जो नियम सर्वांत अधिक मोडला जातो तो हाच आहे. प्रत काढून कपाटात ठेवली जाते; ती उघडते की नाही हे कोणी पाहत नाही. संकटाच्या दिवशी प्रथमच उघडलेली प्रत पुष्कळदा अपुरी किंवा बिघडलेली निघते. जी प्रत कधी परत मिळवून पाहिली नाही ती प्रत आहे असे समजण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. पुनर्रचना करणाऱ्यांनी आपल्या कामातील अनिश्चितता लपवली नाही. लीळाचरित्राच्या पोथ्यांत मजकुरातच 'हिराइसा', 'परशरामबास' अशी नावे देऊन त्या त्या स्मरणातील भेद नोंदवलेले आढळतात. 'वासना' या शब्दाने एखाद्या प्रसंगाची वेगळी आठवण दिली जाते. 'शोधु' या शब्दाने चौकशीअंती हाती आलेली माहिती दिली जाते. ज्यांना ग्रंथ परमेश्वराच्या चरित्राइतका पवित्र होता त्यांनी त्याचा एकच गुळगुळीत पाठ करून टाकला नाही. कोणाचे काय, हे वेगळे ठेवले. पुढच्या संपादकांना या नोंदींनी केवढा आधार दिला हे लीळाचरित्राच्या छापील आवृत्त्या चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही.

अर्थात या पुनर्रचनेची किंमतही पाहिली पाहिजे. स्मरणातून आलेला ग्रंथ अक्षरशः मूळ ग्रंथ नसतो. म्हाइंभटाने कोणता प्रत्यय कोणत्या रूपात लिहिला, वाक्य कोठे तोडले, याची ग्वाही आज कोणी देऊ शकत नाही. यादवकालीन मराठीच्या व्याकरणाविषयी लीळाचरित्रावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष मधल्या स्मरणकर्त्यांच्या आणि लेखकांच्या हातून गाळून आलेला आहे. विद्यार्थ्यांनी या ग्रंथाची भाषा अभ्यासावी. पण ती अभ्यासताना आपण परत मिळवलेली प्रत वाचत आहोत याचे भान ठेवावे. दुसऱ्या गावी वेळेवर काढलेली एक लिखित प्रत असती तर ही शंका उरली नसती. स्मरणाने ग्रंथ वाचवला. ग्रंथाचे सर्व काही वाचवले असे मात्र नाही.

पंथाच्या इतिहासात याच्याशी जुळणारी आणखी एक गोष्ट दिसते. एकच सामग्री निरनिराळ्या रूपांत जपली गेली. केसोबासाने चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टान्त वेगळे काढून ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ रचला. स्थानपोथीत स्वामी जेथे जेथे राहिले त्या स्थानांची नोंद आली. हे ग्रंथ संकटासाठी म्हणून रचले गेले नव्हते; त्यांचे हेतू उपासनेचे आणि अभ्यासाचे होते. तरी परिणाम असा झाला की एका ग्रंथातील वचन दुसऱ्यात, आणि त्यातील स्थान तिसऱ्यात, अशी परस्परांना आधार देणारी रचना उभी राहिली. एक गेला तरी दुसऱ्यावरून त्याचा काही भाग ताडून पाहता येतो.

पुढे पंथ निरनिराळ्या आम्नायांत विभागला. परंपरा तेरा आम्नाय सांगते. प्रत्येक आम्नायाच्या मठात पोथ्या उतरवल्या जाऊ लागल्या. फुटीचा हा इतिहास पंथाच्या दृष्टीने सुखाचा नसेल. पाठचिकित्सेच्या दृष्टीने मात्र स्वतंत्र शाखा निर्माण झाल्या. एका शाखेतील लेखकाची चूक त्याच शाखेत राहते आणि दुसऱ्या शाखेच्या पोथीवरून ओळखू येते. पुढे महानुभाव पंथ पंजाबात गेला. तेथे त्याला जयकृष्णी म्हणून ओळखू लागले. पेशावर आणि काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. तेथील अनुयायांची मातृभाषा पंजाबी. धर्मग्रंथांची भाषा मात्र मराठीच राहिली. वऱ्हाडात सिद्ध झालेले वाङ्मय वऱ्हाडापासून इतक्या दूर, निराळ्या राजवटींखाली, निराळ्या हवेत जपले जाणे, यापेक्षा 'दुसऱ्या गावची प्रत' वेगळी ती काय?

याच इतिहासात एक इशाराही आहे. पोथ्या परक्यांच्या हाती पडल्या तरी वाचता येऊ नयेत म्हणून पंथाने सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या योजल्या. सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल केलेली असते. किल्ली माहीत असलेल्यालाच मजकूर लागतो. हे आजच्या कूटबद्ध बॅकअपचेच जुने रूप होय. किल्ली पंथात पिढ्यान् पिढ्या चालत राहिली म्हणून मजकूर जिवंत राहिला. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके हे वाङ्मय बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी महाराष्ट्र सारस्वतात त्या वाङ्मयाला स्थान दिले. यवतमाळला शारदाश्रम चालवणाऱ्या य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली आले. नंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादिले. कोलते यांची आवृत्ती १९७८ ची. किल्ली जाणणारी शेवटची पिढी मध्येच संपली असती तर पोथ्या धडधाकट असूनही ग्रंथ नष्ट झाल्यासारखाच होता. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असलेला सर्व्हर आम्ही याच वर्गात धरतो.

आता आजच्या काळाकडे वळू. नाश धाडीनेच होतो असे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि राज्यकारभाराच्या हजारो फायली गेल्या. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे सर्व्हरांची एक मोठी इमारत जळाली. तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले की आपली राखीव प्रतही त्याच आवारात होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील ८५८ टेराबाइट सामग्री तीत गेली. साठा फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात पुढे असलेल्या देशात हे घडले. त्यावरून इतके तरी दिसते की प्रश्न केवळ यंत्रांच्या दर्जाचा नाही, आधी केलेल्या विचाराचा आहे.

या विचाराचा एक सुटसुटीत नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ साली सुरू केलेल्या एका प्रकल्पाच्या नावाचाच अर्थ 'भरपूर प्रती असल्या की वस्तू टिकते' असा होतो. त्यात निरनिराळ्या ग्रंथालयांतील प्रती परस्परांशी ताडून बिघडलेली प्रत दुरुस्त केली जाते. आम्नायांच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या संपादकाला यात नवे काही वाटणार नाही.

हे सर्व अमरावती आणि अकोला येथील एखाद्या अभ्यासकगटाला कसे लागू करता येईल? समजा, सामाईक सर्व्हर अमरावतीला आहे. पहिले काम यंत्र विकत घेण्याचे नाही, यादी करण्याचे आहे. छापील ग्रंथाचा स्कॅन गेला तर ग्रंथ दुसऱ्या ग्रंथालयात मिळेल. पण चांदूरबाजार किंवा अकोटच्या एखाद्या आजीने सांगितलेल्या कहाणीचे ध्वनिमुद्रण गेले आणि आजीही राहिली नाही, तर ते कायमचे गेले. खाजगी घरातील पोथीचे स्कॅनही असेच. मालकाने पोथी पुढे कोणाला दिली हे आपल्याला कळेलच असे नाही. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते आधी, हा क्रम लिहून ठेवावा. सर्वच वाचवू असे म्हणणारा बहुधा काहीच वाचवत नाही, हे देजॉनने दाखवले आहे.

दुसरे काम जागेचे. अमरावतीची प्रत अकोल्याला ठेवणे सोयीचे आहे; अंतर सुमारे शंभर किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. अकोल्याच्या गटाचा सर्व्हर असेल तर त्याची प्रत अमरावतीला राहावी. अशी देवाणघेवाण फारसा खर्च न करता होते. पण दोन्ही गावे पूर्णेच्याच खोऱ्यातली. अकोल्यातून मोर्णा वाहते. जुलै २०२१ मध्ये तिच्या पुराचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले होते. दोन्हीकडे मे महिन्याचा उन्हाळा सारखाच कडक. पंचेचाळीस अंशांपलीकडच्या तापमानात बंद खोलीतील हार्ड डिस्कचे आयुष्य घटते. म्हणून अकोल्याची प्रत तळमजल्यावर नको आणि पत्र्याखालीही नको. आणि तिसरी प्रत वऱ्हाडाबाहेर असावी, मग ती पुण्याला असो, नाहीतर एखाद्या परदेशस्थ सहकाऱ्याकडे. पंजाबच्या मठांनी दिलेला धडा तोच आहे.

तिसरे, एक प्रत तरी जोडणी तोडून ठेवलेली असावी. दोन सर्व्हर सतत एकमेकांचे प्रतिबिंब होत असतील तर एकावर पुसलेली फाइल दुसऱ्यावरही पुसली जाते, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू दोन्हीकडे एकदमच पोहोचतो. लेखनिकाची चूक प्रत्येक प्रतीत तत्काळ उतरली असती तर पाठचिकित्सा हे शास्त्रच संभवले नसते. जुनी प्रत काही काळ जुनीच राहू देण्यात शहाणपण आहे.

चौथे, तपासणी. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या नोंदवीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने मोजून प्रत पुरी उतरली की नाही हे ताडता येई. आज प्रत्येक फाइलची आकड्यांतील खूण, ज्याला चेकसम म्हणतात, ती काढून हेच काम होते. त्याशिवाय सहा महिन्यांतून एकदा अकोल्यातील सहकाऱ्याने, अमरावतीच्या मदतीवाचून, काही फायली आपल्या प्रतीवरून उघडून पाहाव्यात. हे आपले स्मरणव्रत समजावे. किल्ल्या आणि पासवर्ड निदान दोघांजवळ, दोन गावी, मोहोरबंद लिफाफ्यात असावेत. आणि परत मिळवलेल्या सामग्रीत जे अपुरे वा संशयित असेल तेथे तशी नोंद करावी: कोणत्या प्रतीवरून, कोणत्या तारखेला, कोणी. 'हिराइसा', 'परशरामबास' या नोंदींहून वेगळे असे यात काही नाही.

२०२४ साली रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. ज्या गावात मराठी गद्याचा मोठा ग्रंथ लिहिला गेला तेथे ते व्हावे, हे उचितच आहे. तेथे आणि वऱ्हाडातील इतर विद्यापीठांत यापुढे पोथ्यांचे आणि बोलींचे पुष्कळ संकलन होईल. ते पुन्हा एकदा एका जागी येईल, आणि म्हाइंभटाच्या पोथीचा धोका त्यासोबत येईल. म्हाइंभटाच्या वेळी हिराइसा होती, कारण पंथातील माणसे तो ग्रंथ रोज आठवत होती. आपल्या ध्वनिफिती आणि स्कॅन कोणी पाठ करीत नाही. त्यांच्यासाठी स्मरणाचा आधार नाही. जी प्रत आपण वेळीच दुसऱ्या गावी नेऊन ठेवू तेवढीच उरेल. म्हणून संकलनाच्या प्रत्येक योजनेत, प्रत कोठे राहील आणि ती उघडून कोण पाहील, याचे कलम पहिल्याच दिवशी लिहिले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.